रुसलेल्या देवाच्या शोधात निघालेल्या बाई

शालिनीताई गजभिये यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते यवतमाळच्या एका छपाईच्या दुकानात. बाभुळगावहून एसटीनं येऊन मी तिथं संगणकावर बॅनर जुळवण्याचं काम करत असे. कापसाच्या पडझडीची ती वर्षं होती. लग्नपत्रिका कमी झाल्या होत्या आणि श्रद्धांजलीचे फलक वाढले होते. फोटोमागचा भाग कापायचा, कोपऱ्यात समई ठेवायची, खाली नाव टाकायचं. फोटोतली माणसं बहुतेक माझ्या भावाच्या वयाची असत. संध्याकाळी घरी निघताना मला माझ्याच कामाचा उबग आलेला असे.

अशा एका दुपारी सुती साडीतल्या एक बाई आल्या आणि जुन्या पुस्तकातलं एक चित्र मोठं करून मागू लागल्या. दगडात कोरलेला एक देव वेटोळं घातलेल्या सापावर शस्त्र उगारून उभा होता. मी विचारलं, “हा कोणता देव, मॅडम?”

“हित्ती लोकांचा.”

मला ‘हत्ती’ ऐकू आलं. मी म्हटलं, “पण याच्यात हत्ती तर दिसून नाही राह्यला.”

त्या हसल्या नाहीत. समोरचं स्टूल ओढून बसल्या आणि सांगू लागल्या, की आजच्या तुर्कस्तानात, ज्याला अनातोलिया म्हणतात त्या पठारावर, साडेतीन हजार वर्षांपूर्वी हे लोक राहत होते. ते मातीच्या पाट्यांवर लिहीत, आणि त्यांचे देव माणसांसारखेच रुसत, भांडत, फसत. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या पडद्यावरच्या अर्धवट फलकाकडे गेली. त्या म्हणाल्या, “रविवारी कॉलेजात ये. तुझ्या हातात कसब आहे, त्याला दुसरंही काही करू दे.”

माझ्या आयुष्याला वळण लागलं ते त्या रविवारी.

बाई यवतमाळच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवत. नागपूरला एम.ए. करताना त्यांना या कथांचा नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. त्या अनातोलियाला कधी गेल्या नाहीत. संगणक तर त्यांना सुरूही करता येत नसे. तरी प्राचार्यांच्या मागे लागून त्यांनी जुन्या संगणकांची एक खोली मिळवली आणि आम्हा चार-सहा जणांचा रविवारचा वर्ग सुरू केला. त्यांनी कथा सांगायची, आम्ही ती पडद्यावर उभी करायची. रंग, आकृत्या, अक्षरं, हलती चित्रं सगळं त्यातूनच शिकायचं. यवतमाळात ‘डिजिटल आर्ट’ हा शब्द तेव्हा कुणी फारसा उच्चारत नसे.

हे उद्योग सगळ्यांना पटत होते असं नाही. बाईंचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी दीक्षेच्या वेळी घरातले देव सोडले होते. एका बैठकीत त्यांचेच एक नातलग सर्वांसमोर म्हणाले, “आपण देव सोडले, अन् शालिनी, तू दुसऱ्याचे उकरून काहून आणून राह्यली?” बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, मी त्यांना हात नाही जोडत. ज्या माणसांनी या कथा रचल्या, त्यांना काय दुखत होतं ते मला पाहायचं आहे.” पुढे आमच्या पहिल्या प्रदर्शनाला तेच काका सर्वांत आधी येऊन बसले होते.

शिस्तीच्या बाबतीत बाई कडक होत्या, आहेत. एकदा मी अनातोलियाची मातृदेवता काढली. तिच्या दोन्ही बाजूंना सिंह असतात. मी तिला सरळ लाल साडी नेसवली, नाकात नथ घातली आणि मोठ्या हौसेनं दाखवली. बाईंनी बराच वेळ पाहिलं. “मंदा, सिंह दिसला की दुर्गा होत नाही,” त्या म्हणाल्या. “पाहुणी आली घरी, तर आधी तिचं नाव विचारतो नं आपण? लुगडं मग नेसवू.” मला ते चित्र पुन्हा करावं लागलं. चित्राखाली, कथा कोणत्या लोकांची हे लिहायची सवय तेव्हापासून लागली. पुण्यात इतकी वर्षं खेळांची आणि पुस्तकांची चित्रं करते आहे, ती ओळ मी अजून गाळलेली नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसले, तो सांगते.

आमच्या वर्गात राळेगावकडच्या एका खेड्यातली वैशाली होती. एका हंगामात ती एकदम अबोल झाली. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तिचा थोरला भाऊ सुधाकर घर सोडून गेला होता. त्याच्या आग्रहावरून वडिलांनी नवं बियाणं पेरलं, आणि बोंडं भरलीच नाहीत. “तुह्यानंच झालं हे,” वडील म्हणाले, आई म्हणाली, गावही म्हणालं. एका सकाळी तो निघून गेला. पांढरकवड्याला हायवेवरच्या एका गॅरेजात तो दिसल्याचं कोणीतरी सांगत होतं. त्याला आणायला मात्र कोणी जाईना. त्या वर्षांत घर सोडून गेलेल्या माणसाची बातमी कशी येईल याची सगळ्यांना धास्ती असे.

पुढच्या रविवारी बाईंनी तेलिपिनूची कथा घेतली. तेलिपिनू हा हित्तींचा शेतीचा देव. तो कशावरून तरी रागावला, रागाच्या भरात उजवा जोडा डाव्या पायात घालून निघून गेला. पिकं वाळली, झरे आटले, गाय वासराला जवळ घेईना. देवांनी गरुडाला शोधायला पाठवलं. त्याला तो सापडला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या देवीनं मधमाशी धाडली. माशीला तो झोपलेला सापडला. तिनं डंख करून उठवलं, तर तो आणखीच चिडला.

या कथेचं हलतं चित्र करायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. माशी वैशालीनं केली. डंखाचा भाग मात्र तिला नको होता. “माशीनं उठवलं, तो आला, एवढंच दाखवू नं बाई,” ती म्हणाली.

“त्या लोकांनी लपवलं नाही, आपण कायले लपवायचं?” बाई म्हणाल्या. रागावलेलं माणूस पहिल्या हाकेला परतत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

चित्र पूर्ण झाल्यावर ते पहिल्यांदा वैशालीच्या गावात दाखवायचं, असं बाईंनीच ठरवलं. दिवेलागणीला शाळेच्या आवारात पांढरं कापड बांधलं. बायका, म्हातारे, पोरं, सगळे आले. तेलिपिनूनं जोडे उलटे घातले तेव्हा हशा पिकला. शेतं पिवळी पडू लागली तसा तो थांबला. माशीनं डंख केला, देव गरजला आणि नेमकी लाइट गेली. त्या दिवसांत ती अशीच जायची.

माणसं उठतील असं मला वाटलं. कोणीच उठलं नाही. पुढे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “मंग आला का तो?”

बाई अंधारातच उभ्या राहिल्या. “तुमच्यातला असता तर तुम्ही कसा आणला असता?”

कोणी म्हणालं, पूजा घालावी. कोणी म्हणालं, धरून आणावा. मग मागून एका बाईचा आवाज आला. “त्याले कोणं विचारलंच नाही नं, बापा, का तुले काय झालं म्हणून. सगळे नुसते बोलावून राह्यले.”

तो आवाज वैशालीच्या आईचा होता. माझ्या शेजारी बसलेल्या वैशालीनं माझा हात घट्ट धरला. बाईंनी उरलेली कथा हळू आवाजात सांगितली: देवाचा राग एका देवीनं मायेनं उतरवला, तो राग जमिनीखालच्या झाकणाच्या रांजणांत बंद केला, आणि मग देव घरी आला. लाइट आली तेव्हा पडद्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैशालीच्या आईला घेऊन बाई पांढरकवड्याला गेल्या. वैशाली आणि मीही होतो. सुधाकर ट्रकखालून बाहेर आला आणि आईला पाहून उसळला. “कायले आल्या? मले नाही यायचं. पुन्हा तेच ऐकवासाठी आल्या का?” आई रडू लागली. बाई तिथल्या खाटेवर बसल्या.

“मी घरी चल म्हणायला आले नाही,” त्या म्हणाल्या. “काय झालं ते ऐकायला आले.”

तो कितीतरी वेळ हात पुसत उभा राहिला. मग बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. बियाण्याचं, वडिलांच्या अबोल्याचं, गावातल्या पारावरच्या बोलण्याचं. बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी आईच म्हणाली, “चुकलं आमचं, बाळा. पिकाचा दोष तुह्यावर टाकला.” त्या दिवशी तो आमच्याबरोबर आला नाही. आम्ही चौघी रिकाम्या हातानं परतलो, आणि एसटीत बाईंचा चेहरा फार थकलेला होता. पण दिवाळीला तो घरी गेला. शेतीत तो परत उतरला नाही. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि त्याच्या मुलीला शाळेत घालायला बाईंनाच नेलं होतं.

त्या चित्राला पुढे शहरांत बक्षिसं मिळाली. बाईंनी ती सगळी आमच्या नावावर टाकली. मी पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी डब्यात ज्वारीच्या भाकरी बांधून दिल्या आणि एवढंच सांगितलं, “काम सुंदर कर, पण आधी खरं कर.” यवतमाळची आठवण येते तेव्हा ती रविवारची खोली, पंख्याचा खडखड आवाज आणि पाठीमागे उभं राहून पडद्याकडे पाहणाऱ्या बाई, हेच आधी आठवतं.

आज पंचाहत्तरीत बाईंचे गुडघे कुरकुरतात, म्हणून वर्गातल्या मुलांनी वर्ग तळमजल्यावर आणला आहे. संगणकाला हात न लावणाऱ्या बाई आता पाटीसारख्या पडद्यावर स्वतः रेघा ओढतात. सध्या त्याच अनातोलियाच्या लोककथेतली, अर्धी स्त्री आणि अर्धी नागीण असलेली शाहमारान त्या काढत आहेत. तिचा चेहरा मनासारखा उतरत नाही म्हणून आठवा की नववा आराखडा चालू आहे.

तुमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात तुमच्यासाठी काय मागू, असं मी गेल्या महिन्यात त्यांना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, “डोळे तेवढे राहू दे म्हण. पायांचं काय, धरायला तुम्ही सगळे आहातच.”

तेव्हा बाईंच्या सांगण्यावरून त्यांच्यासाठी डोळे मागते. आणि निरोगी शंभर वर्षं मागते, ती त्यांना न विचारता.