कानासाठी वाचवलेला बाजार

आमच्या घरी शनिवार हा पैशांचा वार. हे जळगावच्या एका डाळ मिलमध्ये कामाला होते. दर शनिवारी हप्ता मिळायचा, आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की पहिला तो नानांच्या हातात जायचा. नाना म्हणजे माझे सासरे. नाना त्यातून बाजाराचे पैसे काढून मला द्यायचे, बाकीचे कोटाच्या आतल्या खिशात. घरात कर्ता पुरुष असताना सुनेने पैशाला हात लावायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. माझ्या नवऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माणूस चांगला, अगदी गायीसारखा, पण बापापुढे तोंडाला कुलूप. त्या कुलपाचा मला फार राग यायचा आणि अजून येतो.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिचा उजवा कान वाहायचा. दिवाळीला धुळ्याला माहेरी गेले तेव्हा उशीवरचा डाग बघून माझा भाऊ म्हणाला, अक्का, हे असं किती दिवस चालवणार? त्याने तिथल्या एका कानाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं, पडद्याला भोक आहे, आत सडतंय, ऑपरेशन करून घ्या, जितकं लांबवाल तितकं ऐकू येणं कमी होईल. भावाने तपासणीचे पैसे भरले. त्यापुढे त्याची पोच नव्हती, आणि मीही त्याच्याकडे तोंड वेंगाडलं नाही.

जळगावला परत आल्यावर नानांना सांगितलं. ते शांतपणे पान लावत होते. म्हणाले, "लेकरुना कान वाहस. मोठी व्हयनी का आपसूक थांबी." मी पुन्हा तोंड उघडलं तर म्हणाले, कानावर चाकू चालवायला पोर काय वाऱ्यावर सोडलीय का? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. झालं, विषय संपला.

मग मी ठरवलं, की मागायचं नाही. जे बाजाराला मिळतं त्यातूनच काढायचं. दर आठवड्याला थोडं थोडं, आणि अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पोरीला धुळ्याला न्यायचं. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, मलाही जायला मिळायचं. कुणाला पत्ता लागणार नव्हता.

आता बाजारात काय वाचतं हे ज्याने वाचवलंय त्यालाच कळतं. पहिलं काय केलं, तर सकाळी बाजारात जाणं बंद केलं. दिवस कलायला लागला की भाजीवाल्यांची उठायची घाई असते, तेव्हा जायचं. वांगी, मेथी, उरलेसुरले टोमॅटो, ढिगावर भाव करायचा. असोद्याच्या एक आजीबाई भाजी घेऊन बसायच्या, त्या मला बघितलं की म्हणायच्या, "उनी वं माय, मना जीव खाले!" आणि हसत हसत पिशवीत मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकायच्या. दुसरं, गहू बंद. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळणं करायला लागले. त्याची भाकरी खाल्ली की दुपारी पोरं भूक भूक करत नाहीत. साबूत तुरीची डाळ आणायची सोडून ह्यांना मिलमधून तुटकी डाळ आणायला लावली, ती कामगारांना स्वस्तात मिळायची. शिजली की कोणाला कळतंय तुटकी की आखी?

तेलाचं मात्र जड गेलं. आमच्या खानदेशात खिचडीवर कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतून घ्यायची सवय, आणि नानांना ते ताटात वाहताना दिसलं पाहिजे. त्यांच्या ताटाचं तेल मी कधी कमी केलं नाही. कमी केलं ते फोडणीचं आणि माझ्या ताटातलं. शेवभाजी गेली, रविवारची वरण-बट्टी गेली. पोरं कुरकुरली. तिच्या पाठचा धाकटा मुलगा म्हणाला, आई, आपण गरीब झालो का? मी म्हटलं, गप जेव. दुसरं काय सांगणार होते?

वाचलेले पैसे लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायचे. मोजताना स्वतःच्याच घरात चोरी करतेय असं वाटायचं, आणि मग स्वतःलाच सांगायचे, मेली, चोरी कसली, तुझ्याच पोटाला चिमटा काढून ठेवतेस ना? इकडे पोरीचं लक्ष माझ्या ओठांकडे असायचं. काही सांगायला लागले की तोंड वर करून ओठ बघायची. ते दिसलं की दुसऱ्या शनिवारी आणखी एक जिन्नस पिशवीतून कमी व्हायचा.

नानांना कळलं ते भलत्याच वाटेने. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांच्या गावचा. दुपारी त्याच्या बाकावर बसून पेपर वाचायची नानांची रीत. त्याने एक दिवस विचारलं, नाना, सूनबाई हल्ली दुसरीकडून सामान भरतात का? निम्मंच नेतात. नानांनी घरी येऊन मला काहीच विचारलं नाही. डबे उघडून पाहिले, ताटं पाहिली, घर चालतंय हे पाहिलं. मला वाटतं ते खूशच झाले.

अखाजीला नणंद भडगावहून आली, म्हणून माझं माहेरी जाणं पुढे गेलं. जेवणं झाली, ओट्यावरच्या झोक्यावर पोरी बसल्या. तो नेमका शनिवार होता. हप्ता आला, नानांनी माझ्या हातावर नेहमीपेक्षा खूपच कमी पैसे ठेवले आणि बाकीचे सरळ नणंदेला दिले. तिच्या नवऱ्याला दुकान टाकायचं होतं. मला म्हणाले, "तुले आते इतलामाच भागस ना? गुणाची शे मनी सून." आणि लेकीला सांगितलं, आता दर महिन्याला देत जाईन.

कौतुक करत होते हो माझं! पोटाला चिमटे काढून जे मी पोरीच्या कानासाठी मोकळं केलं होतं, ते माझ्या डोळ्यादेखत दुसऱ्याच्या पदरात पडलं, तेही कायमचं. शालूच्या घडीत होतं ते अजून पुरेसं नव्हतं. आणि आता त्यात भर पडायची नव्हती.

मी पैसे जमिनीवर ठेवले. म्हणाले, "नाना, इतक्यात भागत नाही. भागवत होते. हिच्या कानासाठी." ह्यांनी मान खाली घातली. नाना म्हणाले, तिला काय झालंय, हाक मारली की पळत येते.

मी म्हटलं, "डावा कान हाताने दाबा आणि मागून हाक मारा."

नाना हसले. उठून झोक्याजवळ गेले. पोरीला वाटलं आजोबा खेळतायत, ती खुदकन हसली. त्यांनी पंजाने तिचा डावा कान झाकला आणि हळूच म्हणाले, "चिमने." मग थोडं मोठ्याने. मग असं, की शेजारीण दारात आली. पोरगी समोरच्या पोरींकडे बघत पाय हलवत बसली होती. मग म्हणाली, "नाना, कान सोडा ना. मला काहीच ऐकू येत नाहीये."

नानांनी हात काढला.

नणंदेने पैसे परत केले, हे तिचं मला मान्य करावं लागेल. आम्ही त्याच आठवड्यात धुळ्याला गेलो, कमी पडले तेवढे पैसे घेऊन नानाही आले. ऑपरेशन झालं. डॉक्टर तेच. त्यांनी दिवाळीतला तपासणीचा कागद काढून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नानांनी विचारलं, "आते बठ्ठं ऐकू येई ना साहेब?" डॉक्टर म्हणाले, पू थांबेल. ऐकू येणं जे गेलं ते गेलं. दिवाळीत बरंच शाबूत होतं.

पुढच्या शनिवारी हे घरी आले तेव्हा नानांनी हप्ता हातात घेतला नाही. दाराशी उभं राहूनच मान माझ्याकडे केली आणि म्हणाले, "तिले दे. आतेपासून तिले दे." हे क्षणभर घुटमळले आणि पैसे माझ्या हातावर ठेवले. आमच्या भावकीत त्याची फार वाहवा झाली. बायका म्हणाल्या, जिंकलीस गं बाई. मी आत गेले आणि हुंदके देऊन रडले, आणि आनंदाने नव्हे. एवढं सोपं होतं ते. दाराशी उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, ते नानांना येत होतं. ते ऐकायला माझ्या लेकीचा एक कान जावा लागला.