घोडीच्या खुरावरच्या वळ्या

आज कार्तिक वद्य तृतीया. उसळीसाठी चणे भिजत घातले आणि त्या वासाने राजापेठेतल्या घरामागचा तबेला आठवला. माझे यजमान वकील होते. ते चैत्रात वारले आणि त्यांना टांग्यातून डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नेणारी तांबडी घोडी मागे राहिली. दिवसभर माझ्याशी बोलणारं घरात कोणी नव्हतं. घमेल्याचा आवाज झाला की घोडी मात्र खिंकाळायची, म्हणून मी दिवसातून तीनदा भिजवलेले चणे आणि गूळ घेऊन जायची. दिवाळीनंतर ती लंगडू लागली. म्हातारा नालबंद आला, खूर मांडीवर घेऊन अंगठा फिरवत म्हणाला, "बाई, खाली खूर साफ हाय. खूर वरून वाढते, अन् वर पाहा, लई चारल्याच्या वळ्याच वळ्या. पाच-सात महिन्यांपासून काय चारून राहिल्या हिले?" मी सांगितलं. "इतकं काहून?" "तिला आवडतं." "गूळ तं मलेबी आवडते! कोनी देत नाही म्हनून माहे पाय धड हायत." मग हसू आवरून म्हणाला, "आता सुकं गवतच टाका. नाही तं ही कायमची बसंल." तो गेल्यावर मी एकटीने खूर पाहिला. वळ्या चैत्रापासूनच्या होत्या, हे मला आजही कोणी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं धुऊन पालथं घातलं आणि हातानेच गवत नेऊन टाकलं. ती खिंकाळली नाही. मी मात्र रोजच्याइतकाच वेळ तिच्याजवळ उभी राहिले.