भिंतीवरची माडी

पिंपरी-चिंचवडच्या अख्ख्या पट्ट्यात पेन्सिलीनं नजर फसवनारी चित्रं काढनारा माझ्यासारखा दुसरा गडी न्हवता. खरं सांगायचं तर मी सरळ स्टूल काढायला बसायचो आनि ते चुकायचं, येवढीच माझी कला.

पिंपरीला औषदाचा कारखाना उभा राहत व्हता, ती सालं. मी तितं एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली फळ्या धरायला व्हतो. ते काम खुंटीलाबी जमलं असतं, पन खुंटी च्या आनायला जात न्हाई म्हनून मला ठेवलं व्हतं. शाळा मी आतनं कदी पायली न्हाई. एकदा तिची भिंत सारवायला गेलो व्हतो, तेवढीच आमची वळख.

सुतार भाकरी खायाला बसला की मी त्याची चपटी पेन्सिल उचलायचो आनि रंधा मारलेल्या फळीवर कायतरी काढत बसायचो. एकदा पेटी काढली. शेजारचा गवंडी वाकून म्हनला, "हिचं तोंड हिकडं हाय का तिकडं?" मी बगितलं, तर कदी हिकडं दिसायचं, कदी तिकडं. मलाच कळंना. पन कळत न्हाई असं कुनी सांगतं व्हय? मी म्हनलं, "तुमी जसं बगशीला तसं." त्या दिसापासनं मी कलाकार झालो. मंग स्टूल काढलं. गवंड्यानं वरनं पाय मोजलं तर चार भरलं, खालनं मोजलं तर तीन. सुतारानं फळी जवळ धरली, लांब धरली, म्हनला, "लेका, ह्याच्यावर बसनार कोन?" आनि रंधा मारून माझं स्टूल भुग्यात घातलं.

अशात माझं लगीन निघालं. म्हंजी परत निघालं. आदी दोन ठिकानी मोडलं व्हतं. त्या टायमाला पोरीकडची मान्सं घर बगायला यायची. आमचं घर बगायला येळ लागत न्हवता, एकच खोली. उंबऱ्यात उभं राहिलं की समदं बगून व्हायचं. पाव्हनं च्या प्यायचं, "कळवतो" म्हनायचं आनि कळवायचं न्हाई.

ही तिसरी पोरगी चाकनची. तिला मी बाजारात कांदं निवडताना लांबनं पायली व्हती. सडका कांदा हाताला लागला की ती न बगता मागं भिरकवायची, आनि त्यातला एक माझ्या टोपीवर बसला. तिला पत्ताबी न्हाई. पन मला तवापासनं जेवन जाईना, पाच भाकरीवरनं चारवर आलो. हीबी सोयरिक मोडली तर काय करायचं, ह्याच्यापुढं माझं डोकं चालतच न्हवतं. तसं ते आदीबी फार चालत न्हवतं.

सोयरिक आनली व्हती माझ्या मामानं. पाव्हनं यायच्या आदल्या दिशी मामा आला आनि आईला म्हनला, "एक सांगायचं ऱ्हायलं. घराला माडी हाय असं मी बोलून बसलोय."

आई म्हनली, "दादा, माडी उद्या कुठनं आनू?"

"मी तरी काय करू? ते म्हनलं घर कसं हाय, तर तोंडातनं माडी निघाली."

मी म्हनलं, "माडी माझ्याकडं लागली."

आईनं माझ्याकडं बगितलं आनि कपाळाला हात लावला. पन दुसरं काय सुचतबी न्हवतं.

मागच्या भिंतीला नुकताच चुना दिला व्हता. पेन्सिल घेतली आनि तितं एक दार काढलं, एक फळी उघडी, एक लावलेली. बोटानं पेन्सिल घासून आत अंधार केला. अंधार मला चांगला जमला. मंग आतनं जिना काढाया घेतला. पायऱ्या वर न्यायला लागलो तर कोनाडा आडवा आला, म्हनून जिना वळवला. पुढं तुळई आली, परत वळवला. मंग आनि एकदा वळवला. शेवटची पायरी काढली, तर ती जाऊन टेकली पयल्या पायरीला. म्हंजी मानूस चढतच ऱ्हानार आनि निघाला तितंच येऊन पोचनार. पुसायला गेलो तर चुना निघाया लागला. ऱ्हाऊ दे म्हनलं, लांबनं कोन बगतंय. घराच्या दारात जाऊन उभा ऱ्हायलो. शपथेवर सांगतो, मला सोताला वर जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिशी पोरीचा बाप आला आनि संगं पोरीची आत्या, म्हंजी बापाची थोरली भन. आमी घोंगडं मुद्दाम दाराशी टाकलं व्हतं, भिंतीपासनं व्हईल तेवढं लांब. बाप बसला, आत नजर टाकली, खूश झाला.

"जिना लाकडी वाटतं?"

"सागवानी," मामा म्हनला.

पेन्सिल कसल्या लाकडाची व्हती ते मला ठावं न्हवतं, म्हनून मी गप ऱ्हायलो.

बाप पावसापान्याचं बोलत व्हता, मामा व्हय व्हय करत व्हता. आत्यानं मात्र च्याला हात लावला न्हाई. ती जिना बगत व्हती. तिची हनुवटी हळूहळू वर जायची, वळायची, परत वळायची आनि खाली यायची. मंग परत निघायची.

"ह्यो जिना जातो कुठं?" तिनं इचारलं.

"वर," मी म्हनलं.

"वर कुठं? मी मघापासनं चढतीया, आनि दर टायमाला खालच्या पायरीवरच येतीया."

आई म्हनली, "जरा वळनाचा हाय."

"मी बगून येतो की," म्हनत बाप उठाया लागला.

"नगा, नगा," आई म्हनली, "वर जवारी वाळत घातलीया, पाय पडंल."

मामा म्हनला, "बैलं पान्यावर न्यायची ऱ्हायली," आनि भायेर गेला. आमाला बैलं न्हवती.

बाप परत टेकला. आमी वाचलो असं मला वाटलं, तेवढ्यात तुळईवरनं एक पाल उतरली. ती सरळ माझ्या उघड्या दारात शिरली, जिन्याच्या मदोमद आली आनि अंधारात थांबली. खाली काय न्हाई, वर काय न्हाई.

बाप बगत ऱ्हायला. "ती पाल कशावर उभी हाय?"

आईनं त्याच्या म्होरं च्या सारला, पन बापाची नजर हलंना.

"अधांतरी हाय का?"

मी म्हनलं, "आमच्याकडच्या पाली तशाच असत्यात."

आत्या उठली. पदर खोचून सरळ चालत गेली आनि जिन्यावर तळहात ठेवला. पाल पळाली. आत्यानं हात उलटा करून बगितला, समदा काळा.

"कुनाचं काम हे?"

"माझं."

बापानं पटका डोक्यावर ठेवला. "अक्का, ऊठ म्हनायची पाळी न्हाई, तू उभीच हायीस. चल. ज्यो मानूस भिंतीवर माडी काढतो, त्यो उद्या पोरीच्या ताटात भाकरीबी काढूनच दील."

आई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी व्हती. तिला तसं बगितलं आनि मला खोटं बोलायला काय सुचंनाच. मी म्हनलं, "माडी न्हाई. दिसतीया ती येवढीच खोली हाय. पोरगी मी बाजारात पायली व्हती. खोली बगून समदी परत जात्यात, तुमीबी गेला असता, म्हनून काढली."

बाप उंबऱ्यापतुर गेला व्हता. आत्या मात्र भिंतीशीच, काळा हात तसाच वर धरून.

"मंग सरळ वर जानारा जिना का न्हाई काढलास?" ती म्हनली. "सरळ काढला असतास तर मला संशवबी आला नसता."

"सरळच काढाया घेतला व्हता," मी म्हनलं. "मला येत न्हाई."

आत्या हसाया लागली. हसत हसत घोंगड्यावर येऊन बसली, डोळं पुसलं, तर काळं गालाला लागलं. मंग तिनं गार झालेला च्या उचलला आनि एका दमात पिऊन टाकला.

बाप उंबऱ्यातनं म्हनला, "अक्का, येतीस का न्हाई?"

"तूच मागं ये आनि बस," आत्या म्हनली. "पोरगी इतंच द्यायची. लबाडी करायला अक्कल लागती, ती ह्याच्याकडं न्हाई."