उंच खवणी

मागच्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसणं आजपासून बंद. आईने विचारलं, मग नारळ कोण खवणार? डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

आम्ही मुलुंडला राहतो, आई आणि मी. आई मालवणकडची. आमच्या घरी नारळाशिवाय चूल पेटत नाही, आणि नारळ खवायचा म्हणजे जमिनीवरच्या बुटक्या खवणीवर बसून, पुढच्या लोखंडी पात्यावर, अंगाचा सगळा भार घालून. आईने हे साठ वर्षं केलं. आता ते बंद झालं, म्हणून मी हौसेने ओट्याला चिकटणारं यंत्र आणलं. आईने ते दोनदा फिरवलं आणि बाल्कनीत ठेवून दिलं. मग मिक्सर झाला, मग पाकिटातलं गोठवलेलं खोबरं. त्या खोबऱ्याच्या कढीला इस्पितळाचा वास येतो, असं ती म्हणाली.

तिथपर्यंत ठीक होतं, कारण ती भांडत होती. पुढे तिने स्वयंपाकघरात येणंच सोडलं. हॉलमधल्या खुर्चीत बसायची, मी वाढलेलं जेवायची आणि म्हणायची, "बरी झाली हा कढी." माझी आई! हॉलमधून नुसत्या वासावर मिठाचा हिशेब सांगणारी बाई, जिने माझ्या स्वयंपाकाला उभ्या जन्मात बरं म्हटलेलं नाही. मला धडकीच भरली. एक दिवस शेजारीण म्हणाली, तुमची मजा आहे हो, लेक करते. आई हसून म्हणाली, "होय तर. मी आता पावणी." त्या रात्री मी जेवले नाही, म्हणजे थोडं जेवले.

मला हवी होती खुर्चीच्या उंचीची खवणी. अशी कुठे मिळत नाही. भांडुपला एका गाळ्यात पुढे मशिनवर प्लायवूडची कपाटं होतात आणि मागे कपाटवाल्याचे वडील हाताने काम करतात, असं कळलं. मी गेले, चित्र दाखवलं. काका सत्तरीचे, कानाला पेन्सिल. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"करून देणार नाही," ते म्हणाले. "हात दुखतात माझे. शिकवीन. येशील?"

बावन्नाव्या वर्षी, ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन नुकतीच मोकळी झालेली मी, काय म्हणणार? येते म्हटलं. महिन्याभरात खवणी घेऊन घरी, असा माझा अंदाज. मी ऑफिसात फाइल कधी दुसऱ्या दिवसावर ठेवली नव्हती.

तीन आठवडे मी एकच लाकूड रंधत होते. काका ते उचलायचे, त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावायचे, दाराकडे धरायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उजेड." म्हणजे गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसतोय, म्हणजे लाकूड वाकडं, म्हणजे परत रंधा. त्या उजेडाचा मला इतका राग यायचा की घरी मी दिवेसुद्धा कमी लावायला लागले. एकदा वैतागून म्हटलं, काका, एवढा बारीक उजेड कोणाला दिसणार आहे? ते म्हणाले, "लाकडाला."

मी कपाळावर हात मारला आणि परत रंधा उचलला.

काकांच्या कामात खिळा नाही, स्क्रू नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला ते कूस म्हणतात. दुसऱ्यात तेवढीच खाच कोरायची. कूस खाचेत ठोकून बसवायची, वर लाकडाची पाचर मारायची, झालं. गोंदही नाही. "गोंद लावणारा माणूस मोजत नाही," ते म्हणायचे. माझ्या खवणीत अशा नऊ जोडण्या होत्या. आठ बैठकीच्या आणि पायांच्या. नववी महत्त्वाची. बैठकीतून पुढे एक जाड हात निघायचा आणि त्याच्या टोकाला पातं. खवताना सगळा जोर त्या हातावर. तो हलला तर नारळ घसरतो आणि पात्यावर बोटं जातात.

हे काकांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. मी दहाही वेळा मान डोलावली होती.

पाच महिन्यांत आठ जोडण्या झाल्या. नववीची खाच कोरायची होती त्या आठवड्यात काका गावी गेले. मी येईपर्यंत हात लावू नको, असं काही ते म्हणाले नव्हते. सांगायची गरज नाही असं वाटलं असावं बिचाऱ्यांना. पण आदल्याच दिवशी माझ्या हातची वांग्याची भाजी साफ करपली होती आणि आई ती निमूट खाऊन "बरी झाली हा" म्हणाली होती. मला आता एक दिवसही थांबायचं नव्हतं. मी पटाशी घेतली, ठोकत सुटले आणि खाच सूतभर जास्त कोरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला काहीच नाही. कूस आत घातली तर आरामात डुलत होती.

वाट लागली. नवीन लाकूड, नवीन हात, नवीन बैठक, म्हणजे अजून दोन महिने. मी इकडेतिकडे पाहिलं. गाळ्याच्या पुढच्या भागात गोंदाचा डबा होता आणि जमिनीवर पायलीभर भुसा. दोन्ही कालवून फटीत दाबलं, वाळल्यावर घासलं, तेल लावलं. इतकं झकास दिसलं की मीच फसले.

काका आले. खवणीभोवती एक फेरी मारली. बोटाच्या पेराने खवणीचा हात ठोकून पाहिला, एकदा, दोनदा.

"ने घरी," ते म्हणाले. "पातं राहू दे. धार लावून ठेवतो."

रिक्षात खवणी मांडीवर धरून मी मुलुंडला आले. आई खुर्चीतून उठली. तिने खवणीवरून तळहात फिरवला आणि बसली. पाय दोन्ही बाजूंना, पाठ ताठ, बैठक बरोबर तिच्या मापाची. मग पातं नाही, नारळ नाही, तरी तिने दोन्ही हातांत न दिसणारी वाटी धरली आणि खवायला लागली. अंगाचा झोक पुढे, मनगटाचा झटका मागे. वर्षभरात तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. तिसऱ्या झोक्याला खवणीचा हात कटकन वाजला आणि लटपटायला लागला. आईने वाकून जोडणी पाहिली, नखाने खरवडली. नखात भुसा आला.

"ह्या कोणी भरल्यान?"

"मी."

"मी हेच्यार बसतलंय ह्या तुका म्हायत होता?"

मी होकाराची मान हलवली. ती उठून परत हॉलमधल्या खुर्चीत जाऊन बसली, आणि मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खवणी घेऊन भांडुपला. मी काकांवरच तडकले. तुम्हाला ठोकल्या ठोकल्या कळलं होतं, मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर माझ्याशी भांडली असतीस," ते म्हणाले. "आईशी काय भांडणार?" आणि कोपऱ्यातल्या लाकडांकडे बोट दाखवलं. तिथे जुन्या दाराची सागवानी फळी आधीच काढून ठेवलेली होती. पातंही शेजारीच, फडक्यात गुंडाळलेलं. आईची बोटं वाचावीत म्हणून त्यांनी ते मुद्दाम ठेवून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

दोन नाही, तीन महिने लागले. खाच कोरताना मी रोज केसाएवढं लाकूड काढत होते. शेवटी मी काकांच्या आधी जोडणी दाराकडे धरली. उजेड नव्हता. काकांनी ती ठोकली, ऐकली आणि पातं माझ्या हातात ठेवलं.

घरी आईने आधी जोडणीवर नख फिरवलं. मग बसली. समोर स्टुलावर परात ठेवली, मी नारळ फोडून वाटी दिली. खरखर सुरू झाली. परातीत खोबरं पांढरंशुभ्र पडत होतं आणि खवणीचा हात जागचा हलत नव्हता. मी ओट्याला टेकून नुसती बघत राहिले. एक वाटी झाली, दुसरी झाली. आईने मान वर केली.

"उबी कित्या रवलंस? दुसरो नारळ फोड. खोबऱ्याचा वाटप कोण लावतला?"

मी कोयता घ्यायला वळले.

"आणि तुझ्या कढीत मीठ नसता," ती मागून म्हणाली. "वरीसभर गप रवलंय."