कुठली लेन्स लावू?

सिनेमा दीड तासाचा असतो, पण तो करताना जे घडतं ते दीड तासात मावत नाही. एडिटिंगच्या टेबलावर ते कापलं जात नाही आणि थिएटरातही जात नाही, आमच्याकडेच साचत राहतं. आम्ही तिघं चहाला बसलो की कोणीतरी एक काढतं, मग त्यातनं दुसरं निघतं. आमचा सिनेमा मोजक्या लोकांनी पाहिला. त्याचे किस्से मात्र आमच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि उडप्याच्या वेटरलाही पाठ आहेत.

तिघं म्हणजे सिद्धार्थ, मेघना आणि मी. सिद्धार्थ दिग्दर्शक, भोईवाड्यातल्या चाळीत वाढलेला. मेघना प्रभादेवीची, ती साउंड करते. मी लालबागचा, कॅमेरा करतो. नाव अविनाश, पण या दोघांनी ते कधी पूर्ण उच्चारलेलं नाही. आमची गोष्ट साधी होती. एका बाईचा मुलगा कच्च्या कैदेत असतो आणि ती त्याच्या प्रत्येक तारखेला कोर्टात जाते. बाईचं काम सुलभाताई करत होत्या. नाटकात मुरलेल्या, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच.

*

सिद्धार्थचा आग्रह होता, सगळा सिनेमा पन्नास एमएमच्या लेन्सवर करायचा. "माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं दिसलं पाहिजे. ताणलेलं, फुगवलेलं काही नको."

तत्त्व म्हणून मला मान्य होतं. पण शूटिंग होतं त्याच्याच घरात, दहा बाय बाराच्या खोलीत. पन्नास लावली तर फ्रेममध्ये सुलभाताईंचा खांदा आणि कुकरचं झाकण, एवढंच. मागे सरकत सरकत मी मोरीत पोचलो. पाठ पिंपाला टेकली तरी बाई पूर्ण मावेना.

"अजून मागे जा," सिद्धार्थ म्हणाला.

"मागे शेजाऱ्यांचं घर आहे."

"मग त्यांना विचारून बघू."

"काय विचारू? भिंत काढता का?"

शेवटी अठराची वाइड लेन्स लावली. वाइड लेन्समध्ये जवळचं लांब जातं, त्यामुळे खोली ऐसपैस दिसायला लागली. पलंग तिकडे, कपाट पार पलीकडे, मधे फिरायला जागा. सिद्धार्थची आई चहा घेऊन आली, ती मॉनिटरसमोर थांबली. बराच वेळ बघत होती.

"हे आपलं घर?"

"हो."

"एवढं मोठं आहे?" तिने ट्रे खाली ठेवला. "मग तुझा बाप जन्मभर गॅलरीत का झोपला?"

*

बाहेरच्या सीन्ससाठी सिद्धार्थने एक जुनी रशियन लेन्स मिळवली. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या कपाटात ती कित्येक वर्षं पडून होती. तिच्यातनं सगळं मऊ दिसायचं. दिव्याभोवती हलकं वलय, चेहऱ्यावर दुधाळ उजेड. सिद्धार्थ खूश. "आजकालच्या लेन्सना हा जीवच नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्या लेन्सवर आम्ही परळच्या गल्ल्यांमधले बरेच सीन काढले.

मग तिची फोकसची रिंग अडकायला लागली, म्हणून मी ती दुरुस्तीला दिली. परत आली ती चकाचक. दुसऱ्या दिवशी पहिला शॉट घेतला, तर सगळं स्वच्छ. वलय नाही, दूध नाही. फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की आत काचेला बुरशी धरली होती, ती त्यांनी काढली.

सिद्धार्थने लेन्स उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला, "परत लावून देतात का विचार."

सुलभाताईंना हे सगळं समजावून सांगावं लागलं, कारण त्यांचाच क्लोजअप आधी एक दिसत होता आणि नंतर दुसरा. दोन्ही शॉट त्यांनी मॉनिटरवर शेजारी शेजारी लावून पाहिले.

"म्हणजे गेले पंधरा दिवस मी चांगली दिसत होते ती बुरशीमुळे," त्या म्हणाल्या. "असू दे. नाटकात तर अंधारामुळे दिसायचे."

*

शीव कोळीवाड्यात मोठा कॅमेरा काढला की गर्दी जमायची. म्हणून एक सीन फोनवर काढायचं ठरलं. फोन सिद्धार्थचा, कारण त्याचाच नवा होता. तो ट्रायपॉडवर लावला. टेक सुंदर चालला होता आणि फोन वाजला. स्क्रीनवर सुलभाताईंच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरात 'आई'.

सिद्धार्थने उचलला. "शूटिंग चालू आहे गं."

"कशावर?"

"फोनवर."

"मग बोलतोयस कशावर?"

*

मेघनाचे मामा आमचे निर्माते. दादरला त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. मूळचे मालवणचे. भाचीच्या शब्दाखातर ते पैसे घालायला तयार झाले आणि कशातही लुडबुड करणार नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते त्यांनी पाळलंही, फ्रेमचा आकार दिसेपर्यंत.

सिद्धार्थने ठरवलं होतं की सिनेमा जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी आकारात करायचा. चाळीची दारं उभी, जिने अरुंद, माणसं दाटीने राहणारी. रुंद पडद्यावर ते विस्कटतं. मलाही ते पटलं होतं. पहिला कट तयार झाला तेव्हा मामांनी आम्हाला घरी बोलावलं. नवा टीव्ही आणला होता, अर्ध्या भिंतीएवढा. घरची सगळी मंडळी बसली. सिनेमा सुरू झाला, मधे चित्र आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे.

मामांनी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. मग रिमोट सिद्धार्थच्या हातात दिला.

"ह्या काय रे? बाजूची जागा खंय गेली?"

सिद्धार्थने त्यांना नीट समजावलं. चाळ, दाटी, घुसमट. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. उठून टीव्हीजवळ गेले आणि एका काळ्या पट्ट्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"म्हणजे बिल्टअप एवढो दाखवलंस आणि कार्पेट एवढोच दिलंस," ते म्हणाले. "बिल्डर झालंस तू."

मग मात्र ते खाली बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर मामी डोळे पुसत होत्या. मामांनी आकाराबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. फक्त आम्ही निघताना दारात सिद्धार्थला हळूच विचारलं, त्या पट्ट्यांमध्ये दुकानाचं नाव घालता येईल का.

*

एक शेवटचा किस्सा सांगतो. हा आम्ही चहावर फारसा काढत नाही.

कोर्टाबाहेरचा सीन राहिला होता. बाई तारखेला येते, मुलाला आणलेलंच नाही असं कळतं, तरी ती घरी जात नाही. कोर्टाच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहते. एवढाच सीन. संवाद नाहीत.

या सीनवरून सिद्धार्थची आणि माझी चांगलीच जुंपली होती. त्याला पस्तीसची लेन्स हवी होती, कॅमेरा बाईच्या अगदी जवळ. "तिच्याशेजारी बसल्यासारखं वाटलं पाहिजे." माझं म्हणणं, कॅमेरा जवळ नेला की कट्ट्यावरचा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघणार. मला दोनशेची लांब लेन्स लावून रस्त्यापलीकडून शॉट घ्यायचा होता.

"लांबून घेतलं की लपून बघितल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

"जवळून घेतलं की कोणी खरं वागत नाही."

मेघना वैतागून म्हणाली, "एकदा लांबून घ्या, एकदा जवळून. भांडण एडिटिंगला करा."

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सिद्धार्थच्या ओळखीच्या टेलरचं दुकान आहे. त्याच्या खिडकीत कॅमेरा लावला. सुलभाताईंच्या पदराआड मेघनाने वायरलेस माइक बसवला. त्या एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या आणि कट्ट्यावर बसल्या. आजूबाजूला माणसं होती, वकिलांची वाट बघणारी, डबा खाणारी. कोणाचं लक्ष नव्हतं. आम्ही तिघं खिडकीत. मी कॅमेरा रोल केला.

सुलभाताई नुसत्या बसून होत्या. रडल्या नाहीत, काही केलं नाही. हातातली पिशवी मांडीवर धरून फाटकाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने शेजारी एक बाई येऊन बसली. हिरवी साडी, हातात कापडी पिशवी. आम्हाला वाटलं, टेकायला बसली असेल. तिने दोनतीनदा सुलभाताईंकडे पाहिलं. मग तिचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"कुणाची तारीख?"

सिद्धार्थने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा थांबवला नाही. सुलभाताई भूमिकेतच राहिल्या. दुसरं काय करणार, त्यांना सुचलं नसेल.

"मुलाची," त्या म्हणाल्या.

"आणला?"

"नाही."

"माझा पण नाही आणला."

त्या बाईने सुलभाताईंचा हात आपल्या हातात घेतला आणि समोर बघत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती.

खिडकीतून तिरकं बघताना दोघी एकामागे एक दिसत होत्या, आणि दोनशेच्या लेन्सवर अशी दोन माणसं एकदम स्पष्ट दिसत नाहीत. एकाला धरायचं तर दुसऱ्याला सोडावं लागतं. मी फोकस हळूहळू सुलभाताईंवरून काढून त्या बाईवर नेला. मॉनिटरवर सिद्धार्थला ते दिसलं. मेघनाने तोंडावर हात धरला होता.

मग सिद्धार्थ म्हणाला, "बंद कर. खाली जाऊ."

आम्ही खाली गेलो. सिद्धार्थ त्या बाईसमोर उकिडवा बसला. "मावशी, आम्ही सिनेमा करतोय. या ताई त्यात काम करतात. तुम्ही त्यात आलात. तुम्हाला न विचारता झालं, आमचं चुकलं."

तिला कळायला वेळ लागला. सुलभाताईंकडे वळून तिने विचारलं, "म्हणजे तुमचा मुलगा?"

"माझा घरी आहे," सुलभाताई म्हणाल्या.

बाईने धरलेला हात सोडला. रागावली नाही. सिद्धार्थ म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर आत्ता, तुमच्यासमोर पुसून टाकतो."

"कॅमेरा कुठे आहे?"

मी वरची खिडकी दाखवली. ती मान वर करून बघत राहिली.

"एवढ्या लांबनं दिसते मी?"

"दिसता."

"तोंड कळतं?"

"कळतं."

"आणि मागची पाटी? कोर्टाची?"

"पुसट दिसते," मी म्हणालो. "पण वाचता येते."

ती उठली. पिशवी खांद्याला लावली, पदर सारखा केला.

"मग राहू द्या," ती म्हणाली. "सुटला की त्याला दाखवा. त्याला वाटतं, मी येतच नाही."