पोपटी टॉवेल आणि इंजेक्शनची गाडी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हे सांगत असताना आमच्या साडूने भरलेली बशी स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर ओतली होती आणि वर मलाच दोष दिला होता. संपला? मग ऐका, माणूस आपल्या हाताने आपली किती शोभा करून घेऊ शकतो ते!

मी तेव्हा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत होतो. गाव भांडगाव, तालुका दौंड. लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढायचा होता. मुलगी शिरूरकडची, नाव सुनंदा. सुपारीला सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, आमच्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या सगळ्या मानकऱ्यांना टोपी-टॉवेल दिला. टॉवेल कसला? पोपटी, त्यावर केशरी पट्टे! शिरूरच्या बाजारातून सासूबाईंनी स्वतः निवडून अख्खा गठ्ठाच आणला होता. बैठकीत सगळे ते खांद्यावर टाकून बसले, तर मक्याच्या रानात बसल्यासारखं वाटत होतं.

आणि अशात मी गाडी घेतली, मोटारसायकल. जुनी, एका साहेबाने वापरलेली, पण इंजेक्शनची!

हसू नका. आज सगळ्याच गाड्या तसल्या असतात. तेव्हा आमच्याकडे मिस्डकॉलवर संसार चालायचे आणि गाडी म्हटलं की कार्बोरेटर. मी गाडी पारावर आणली तर हीऽऽ गर्दी.

"चोक कुठाय रं हिचा?"

"हिला चोक नसतो."

"आन् पेट्रोलचा कॉक? रिझर्व्हला कशी लावायची?"

"कॉक पण नसतो."

"मग हाय तरी काय हिच्यात?"

"इंजेक्शन!" मी म्हणालो. तेवढा एकच शब्द मला येत होता. इंजेक्शन म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं, पण विचारणाऱ्यालाही नव्हतं, त्यामुळे भागून गेलं.

आता खरा प्रश्न उभा राहिला. गाडी आहे तशीच ठेवायची, की मॉडिफाय करायची?

वडील म्हणाले, आहे तशी. आमचा आजा मेंढरांमागे फिरला, वडील शेतीत स्थिरावले, पण कुठलीही वस्तू घेतली की तिच्या पाठीवर थाप मारून बघायची सवय काही गेली नाही. त्यांनी गाडीच्या सीटवर थाप मारली आणि निकाल दिला, "दुसऱ्याच्या हातचं जनावर हाय. आल्या आल्या त्याचं वळण मोडू नगंस. ऱ्हाऊ दे तशीच."

मला पटलं. अगदी शंभर टक्के पटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत दत्ता भेटला. दत्ता म्हणजे माझा शिफ्टमधला जोडीदार; स्वतःकडे सायकल, पण सल्ले सगळे मोटारसायकलचे. "येडा का काय तू, संपत? लग्नाची गाडी हाय ती! सायलेन्सर पोकळ कर. वरात चौफुल्यावं आली का भांडगावात कळलं पायजे!"

तेही पटलं!

बॉयलरवरचे यूपीचे मिश्राजी म्हणाले, "इससे छेड़छाड़ मत करो भैया." पटलं. सुपरवायझर म्हणाले, हँडल तरी बदल, डाकबाबूच्या सायकलसारखं दिसतंय. पटलं! मी म्हणजे असा माणूस, की आमटीत मीठ कमी म्हणणाऱ्याला "व्हय" म्हणतो आणि जास्त म्हणणाऱ्यालाही "व्हय"च म्हणतो. त्यामुळे महिनाभर गाडी जागेवर आणि मी अधांतरी.

शेवटी म्हटलं, जिला आयुष्यभर मागे बसायचंय तिलाच विचारू. सुनंदा दर गुरुवारी शिरूरला शिवणक्लासला जायची आणि एमआयडीसीची सुट्टीही गुरुवारचीच. देवच जणू जुळवत होता की नाही? फोन केला. ती कुजबुजत म्हणाली, "गाडी दावा आधी, मग सांगते. स्टँडच्या मागं रसवंती हाय, तिथं या. आन् आमच्या गावावरनं येताना कुणाला दिसू नगा बरं!"

हे "दिसू नगा" काय प्रकरण आहे ते सांगतो. आमच्यात सुपारी फुटल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाने सासुरवाडीच्या शिवेत पाऊल टाकायचं नसतं. आणि आप्पा म्हणजे त्या बाबतीत फार कडक. त्यांच्या पुतणीचं ठरलेलं लग्न त्यांनी एवढ्यासाठी मोडलं होतं, की नवरदेव पोरीला परस्पर जत्रेत भेटला. म्हणजे मी सापडलो असतो, तर गाडी राहिली असती, नवरी गेली असती! खरं सांगतो, तोवर सुनंदाला मी मोजून दोनदा बघितलं होतं, पण ती जाऊ नये म्हणून देवाला नारळ बोलून ठेवला होता.

हे सगळं दत्ताला सांगितलं. शहाणा काय म्हणाला असेल?

"तिला दोन्ही दिसाया नगं का? आत्ताची तर फोटोत बी दिसंल. बदलल्याली कशी दिसती, कशी वाजती, ती ट्रायल दे की! न्हाई आवडली तर काढून टाकू."

पटलं! बुधवारी संध्याकाळी चौफुल्याला जाऊन पोकळ सायलेन्सर बसवून आलो.

गुरुवारी सकाळी निघालो. चौफुल्यावरून न्हावरा, न्हावऱ्यावरून शिरूर. सासुरवाडी त्या दोहोंच्या मध्ये, अगदी रस्त्यावर. आप्पांचं घर तर डांबरीला चिकटूनच. म्हणून मी तोंड झाकायचं ठरवलं. दोरीवर हाताला लागला तो टॉवेल ओढला, डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाभोवती करकचून बांधला, वर गॉगल लावला. आरशात बघितलं तर माझं मलाच ओळखू येईना. म्हटलं, वा रे गड्या!

गाडीचं काय झालं होतं? इंजेक्शनच्या गाडीला नुसताच सायलेन्सर बदलला तर तिचं पोट बिघडतं, हे मला कोण सांगणार? चालवताना ती दणदण वाजायची आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून फट्ट! बार उडाल्यासारखा. न्हावऱ्याला चहाच्या गाड्यावरचे लोक बाकावरून उठून उभे राहिले. दोन्ही तालुक्यांत असा आवाज करणारी ती एकच गाडी असावी. आणि मी मात्र खूश, की कुणी ओळखत नाही!

शिवाय चौफुल्यापासून मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला होता. मला वाटलं, नवीन सायलेन्सर गाडीला कळला, त्याचा दिवा असेल.

तो पेट्रोलचा होता.

आप्पांचं घर दिसलं तसा मी खाली मान घातली, ॲक्सिलरेटर पिळला. गाडीने एक उचकी दिली. दुसरी दिली. आणि मग असा एक फट्ट केला, की रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलेली आप्पांची मेंढरं उधळून कांद्याच्या वाफ्यात शिरली, कुत्रं भुंकायला लागलं, आणि गाडी नेमकी आप्पांच्या दारात ठप्प!

आता सांगा, पेट्रोल संपल्यावर आपल्याकडचा माणूस काय करतो? गाडी आडवी करतो. बरोबर? टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं घोटभर पेट्रोल कार्बोरेटरकडे आलं की पंपापर्यंत गाडी जाते. हे ज्ञान आम्हाला बाळकडूतच मिळतं. मी गाडी डाव्या अंगाला झोपवली. चांगली हलवली, उभी केली, बटण दाबलं. काही नाही! तिच्या मीटरमधले होते नव्हते ते सगळे दिवे लुकलुकायला लागले.

त्या गाडीत एक सेन्सर होता. गाडी आडवी झाली, म्हणजे पडली, असं समजून तो इंजिनच बंद करतो आणि किल्ली फिरवून पुन्हा लावल्याशिवाय हलू देत नाही. हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी काय केलं? मला वाटलं, कमी आडवी केली. म्हणून पार जमिनीला टेकवली!

"आरं आरं आरं! काय झालं?" मागून आवाज आला. आप्पा! कांद्यातून मेंढरं हाकत येत होते. बरोबर शेजारचे तुकामामा.

माझी पाचावर धारण बसली. बोललो तर आवाज ओळखणार, नाही बोललो तर संशय घेणार. आणि कुठल्या जन्मीचं पाप आडवं आलं कोण जाणे, मला मिश्राजी आठवले. मी हिंदीत बोललो!

"कुछ नहीं चाचा, गाडी बंद पड गया."

आप्पा थबकले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तुकामामांकडे बघितलं. मग अतिशय गंभीरपणे म्हणाले, "आसं? किधर से आया तुम?"

"कंपनी से."

"गाव कंचा?"

"यूपी."

"यूपी मदी किधर?"

इथे माझी हिंदी संपली. "पूरा यूपी," मी म्हणालो.

"लई लांबसे आया," तुकामामा म्हणाले. "बसो. च्या पियो."

चहा! चहा प्यायचा म्हणजे टॉवेल सोडायचा. मी दोन्ही हात जोडले. "नहीं चाचा, दाढ दुखती है."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "काय म्हणतोय वं ह्यो?"

"दाढ दुखतीय म्हणं त्याची," आप्पा म्हणाले.

"आगं बया! थांबा, लवंग आणते." आणि त्या खरंच लवंग घेऊन आल्या. मी टॉवेलच्या खालून हात घालून ती दाढेत धरली. लवंग तिखट असते हो! डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"लईच दुखतीय," तुकामामा हळहळले. "आप्पा, किडल्याली आसंल. काढूनच टाकली पायजे."

"खरं हाय," आप्पा म्हणाले. "पक्कड आणा बरं घरातनं."

पक्कड! सासूबाई आत जाऊन पक्कड घेऊनही आल्या. भलीमोठी, गंजलेली, तारकुंपण ओढायची! आप्पांनी ती धोतराला पुसली आणि माझ्याकडे यायला लागले. मी दोन पावलं मागे सरलो. ते पुढे आले. मी आणखी मागे, तर मागे गाडी!

"आवं आप्पा, न्हाई, न्हाई!" मी ओरडलो. "दाढ न्हाई वं दुखत! काय बी न्हाई दुखत!"

यूपीचा माणूस एका क्षणात दौंड तालुक्यात आला.

आप्पा माझ्या शेजारून गाडीकडे गेले, खाली वाकले आणि पकडीने गाडीच्या प्लगची टोपी हलवून बघितली. मग तिथूनच म्हणाले, "बसा जावईबापू. टॉवेल सोडा आता, लवंग पडंल."

मी मटकन ओट्यावर बसलो. "आप्पा... तुम्हाला कवा कळलं?"

आप्पांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या मांडीवर ठेवला. पोपटी, केशरी पट्टे. मी तुकामामांकडे बघितलं. त्यांच्या खांद्यावरही तोच! मी माझ्या तोंडावरचा सोडून बघितला.

काय सांगू तुम्हाला? ज्या माणसापासून तोंड लपवायचं, त्यानेच मानाने दिलेला टॉवेल मी तोंडाला बांधून त्याच्याच दारात आलो होतो!

"ह्या टॉवेलाचा कारखाना यूपीत बी निघाला का काय?" सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. पण आप्पा हसत नव्हते. आणि तेच भीतीचं होतं. आता हे पुतणीसारखं लग्न मोडणार, मला पक्कं वाटलं.

"कशापायी आलता?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. सगळं सांगून टाकलं. रसवंती, ट्रायल, दत्ता, मिश्राजी. "गाडी हाय तशी ठिवायची का बदलायची, तेवढंच सुनंदाला इचारायचं व्हतं. देवाशपथ, आप्पा."

आप्पांनी पक्कड ओट्यावर ठेवली. "नवरीला इचारून गाडी करणार?"

"व्हय."

"आन् नुसतं गाडीसाठीच आलता?"

मी खाली बघितलं. "न्हाई," मी म्हणालो. "तिला बघायचं बी व्हतं."

तेव्हा कुठे ते हसले. हसले म्हणजे काय, खोकला येईपर्यंत हसले. घरातून बाटलीभर पेट्रोल आणून टाकीत ओतलं. तुकामामांनी सहज किल्ली फिरवून बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली.

"मागारी फिरा," आप्पा म्हणाले. "सुनंदाला मी सांगतो. गाडी हाय तशीच ऱ्हाऊ द्या, गाडीत काय बी खोट न्हाई. बदलायचं ते चालवणाऱ्यात बदलाया पायजे. त्ये आमची पोरगी लग्नानंतर बघंल."

पोकळ सायलेन्सर मी येताना चौफुल्यालाच काढून टाकला. वडिलांचं पटलं होतं म्हणून नव्हे. पक्कड हातात घेऊन सांगणाऱ्या आप्पांचं पटलं होतं म्हणून.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ आमचंही. मांडवात अख्खा गाव. मला वाटलं होतं, आप्पांनी ती गोष्ट पोटात ठेवली असेल. मानपान सुरू झाला. सासूबाई ताट घेऊन पुढे आल्या, टोपी दिली, टॉवेल दिला. पोपटीच! आणि भरमांडवात, माईकसमोर, शुद्ध शिरूरी हिंदीत म्हणाल्या, "यूपीवाले जावईबापू, ये खांदे पे लेने का है, तोंड को नहीं बांधने का!"

मांडव हसला. भटजी हसले, वाजंत्रीवाले हसले, बोहल्यावरची सुनंदासुद्धा मुंडावळ्या धरून हसली. आणि मी? आयुष्यात पहिल्यांदा तोंड लपवायची खरी गरज होती, हातात टॉवेलही होता, आणि बांधायची तेवढी सोय नव्हती!