आमची मेटाडोर नेऊन दाखवा!

चार पुरुष जमले की साहेबांचे किस्से निघतात, चार बायका जमल्या की सुनांचे. आमच्या मंडळीत कोणीही जमलं तरी गाडीचेच निघतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच घुसतो. शेवट ज्याला त्याला आपलाच सांगायचा असतो. आज मात्र मी सगळ्यांना गप्प बसवलंय. आज मी सांगणार!

गाडी म्हणजे जुनी मेटाडोर. आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते, सुभेदार होऊन रिटायर झाले आणि इस्लामपूरला येताना ही गाडी घेऊन आले. आत पलंग बसवला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी केली. पडदे मी शिवले. पुण्याचे लोक तिला ‘विंटेज कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. आमच्या गल्लीत खटारा म्हणतात.

नोकरीभर सुभेदार कधी लेहवरून, कधी जैसलमेरवरून फोन करायचे. “लय भारी मुलूख हाय, तुला एकदा दाखवीन.” मी इकडे सासू-सासरे, पोरं आणि म्हशी सांभाळत दारात उभी. आता पोरं मार्गी लागली, म्हशी विकल्या. उन्हाळा लागला की लेहला निघायचं ठरलं होतं. ही गाडी म्हणजे माझी राहिलेली सुट्टी आहे, बाकी लोक तिला काहीही म्हणोत.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. हायवेला हॉटेल काढत होते. म्हणाले, “इंजिन काढून टाकू, आत फुलांच्या कुंड्या ठेवू. गिऱ्हाइकं सेल्फी काढतील.”

मी म्हटलं, “कुंड्या तुमच्या अंगणात ठेवा. ह्या गाडीत मी बसणार हाय!”

ते गेले. पुढच्याच आठवड्यात गाडीच्या कुलपावर पान्ह्याचे ओरखडे दिसले. कोणाचे, देव जाणे. भावकी म्हणाली, चोरीला जाण्याआधी विकून मोकळे व्हा. माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, “विकायची न्हाई, द्यायची न्हाई, आन् चोरू तर मुळीच द्यायची न्हाई!”

तिथून राखण सुरू झाली.

*

सुभेदार आधी पोलीस ठाण्यात गेले. शिस्तीचा माणूस, इस्त्रीचे कपडे घालून गेले.

हवालदारांनी विचारलं, “कवा चोरी झाली?”

“झाली न्हाई. हू ने म्हणून आलोय.”

“आवं, मग झाल्यावर या की!”

“तवा येऊ कशानं? गाडी तर गेलेली आसंल!”

हवालदारांनी चहा पाजला. तक्रार काही घेतली नाही.

*

माझी धाकटी बहीण शालन साताऱ्याला मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. ती म्हणाली, “आक्का, जीपीएस लावू. गाडी जागची हालली की मला कळंल.” लावलं. गाडी कुठे आहे ते तिच्या मोबाईलवर दिसायला लागलं.

दोन दिवसांनी तिचा फोन. “आक्का, दाजी मिसळीच्या गाड्यापाशी इतका वेळ काय करत्यात? डॉक्टरांनी तिखट बंद केलंय न्हवं?”

सुभेदार घरी आले ते माझं तोंड बघूनच समजले. चोर कधी सापडेल ते सापडेल, नवरा रोज सापडायला लागला! ते बिचारे अंगणात उभे राहून ओरडले, “सीमेवर दुश्मनाला माझा ठावठिकाणा कळला न्हाई, आन् हिला साताऱ्यात बसून कळतोय!”

मी जीपीएस काढू दिलं नाही. गाडीसाठी लावलं होतं, पण तब्येतीलाही बरं पडत होतं.

*

शेजारचे जगूभाऊ साखर कारखान्यात फिटर होते. बाजारातला सायरन त्यांना पसंत नव्हता. “ती काय पिपाणी हाय? मी करतो तुमाला भोंगा!” असं म्हणून त्यांनी भंगारातून कुठले कुठले भाग जमवले आणि एक भोंगा गाडीच्या दाराला जोडून दिला. दार ओढलं की भोंगा!

एका दुपारी शेळीनं दाराला धडक दिली. काय आवाज तो! आता सगळी गल्ली काठ्या घेऊन धावत येईल म्हणून मी ओट्यावर आले. कोणी आलं नाही. समोरच्या काकूंनी चहाचं आधण ठेवलं. आणि कारखान्यात कामाला असलेले दोघे डबा घेऊन, मोटरसायकलला किक मारून सुसाट निघून गेले! गेटवरच्या वॉचमनने विचारलं, एवढ्या लवकर? तर म्हणाले, “भोंगा झाला की!”

त्याच दिवशी गल्लीने भोंगा काढायला लावला. जगूभाऊ अजून मान्य करत नाहीत. “भोंग्यानं माणसं हालली का न्हाई, सांगा. दिशा चुकली, एवढंच!”

*

बिरा म्हणजे सुभेदारांचा फौजेतला दोस्त, कवठे महांकाळकडचा धनगर. आता गावी मेंढरं राखतो. त्यानं लांडग्याला भिडणारं कुत्रं आणून दिलं. पहिल्या दिवशी कुत्रं गाडीखाली झोपलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं एक कळप चालला होता, त्याच्यामागे निघून गेलं!

मी बिराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “वहिनी, त्याचं काय चुकलं? त्याला मेंढरं राखायची ठावं. लोखंड राखायचं कुणी शिकिवलंय?”

मग त्यानं कुत्रं शोधून आणलं, सोबत एक मेंढीही आणली आणि ती बंपरला बांधली. झालं, गाडीजवळ माशी फिरकेना! गाडी राखायला कुत्रं, कुत्रं टिकवायला मेंढी आणि मेंढीला पाला आणायला मी!

फक्त एक घोटाळा झाला. कुत्रं सुभेदारांनाही जवळ येऊ देईना. किल्ली हातात घेऊन हा माणूस आपल्याच दारात उभा, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगावं तसं कुत्र्याला सांगतोय, “दोस्त! अरं, दोस्त!”

*

आता कराडचं.

बिराच्या पुतणीचं लग्न होतं. कुत्रं-मेंढी शेजारी सोपवून आम्ही सगळी मंडळी मेटाडोरने गेलो. गाडीचा स्टार्टर लहरी. जिथे थांबू तिथे धक्का मारावा लागतो, आणि त्याच्या आमच्या जागा ठरलेल्या आहेत. मागे डावीकडे मी, उजवीकडे बिरा, मधे जगूभाऊ. शालन ओरडायला. सुभेदार स्टिअरिंगवर.

अक्षता पडल्या, पंगत बसली. पुरुषांची पंगत पलीकडे होती. माझ्या पानात जिलबी पडते न पडते तोच गाडी लावलेल्या मैदानातून आरोळी आली, “मेटाडोरवाल्यांनो, धक्का द्या!”

सुभेदार उन्हातून गाडी हलवत असतील, असं मला वाटलं. अंगवळणीच पडलंय ते. उष्ट्या हातानं उठलो आणि आपापल्या जागी लागलो. शालनच्या पर्समध्ये मोबाईल सारखा वाजत होता, पण धक्का देताना फोन कोण घेतं! ती आपली ओरडत होती, “हं, जोरात!” गाडी हलली, वेग घ्यायला लागली. माझ्या खांद्याला खांदा लावून कोणीतरी जीव खाऊन ढकलत होतं. बघते तर फेटा बांधलेले सुभेदार!

“आवं, तुमी हितं, मग गाडीत कोन?”

“मला वाटलं, जगूभाऊ!”

“मी तर हितं हाय!” जगूभाऊ म्हणाले.

सगळ्यांचे हात एकदमच सुटले. गाडी जागच्या जागी थांबली. खिडकीतून एक गॉगलवालं डोकं बाहेर आलं आणि आमच्यावरच खेकसलं, “ओ, मधीच सोडलं का? आता लागतच हुती की!”

गाडी गेली होती! माझं लेह, माझं जैसलमेर, सगळं मी माझ्या हातानं ढकलून देत होते! आणि मग असा संताप आला की काय सांगू. बिरा बाह्या सरसावत होता, त्याला मी बाजूला सारलं. तोवर अख्खं वऱ्हाड गाडीभोवती गोळा झालं होतं, पळायला फट नव्हती. मी पुढे जाऊन दार उघडलं.

“उतर.”

उतरला. सुभेदारांना मी स्टिअरिंगवर बसवलं. बिरा, जगूभाऊ, शालन मागे पलंगावर बसले. मी माझ्या सीटवर बसले, पदर खोचला आणि खिडकीतून डोकं काढलं.

“आता आमी बसतो. तू ढकल!”